बोरघाट, पद्मिनी आणि घरी बसवलेला डिस्क ब्रेक

वेगाने जाणारी मोटार ब्रेक लावताच थांबते. थांबण्यापूर्वी तिच्याजवळ जी गतिज ऊर्जा होती ती कुठे गेली? नववी-दहावीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. ‘घर्षणामुळे नाहीशी झाली’ असे उत्तर हमखास येते. ऊर्जा नाहीशी होत नाही, हा नियम त्याच मुलांनी आठवड्यापूर्वी पाठ केलेला असतो. पण पुस्तकातला नियम आणि रस्त्यावरची मोटार यांची गाठ मनात पडलेली नसते.

ही गाठ घालून देणारे एक उदाहरण पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात सहज समजावून देता येते. जुन्या मोटारी जपणाऱ्या हौशी मंडळींना एक उद्योग चांगला परिचयाचा आहे. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांतले ड्रम ब्रेक काढायचे आणि तेथे अलीकडच्या एखाद्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवायचे. कॅलिपर जुन्या बाजारातून आणायचा, डिस्क नवी घ्यायची, हबवर बसणारी कडी लेथवर कातून घ्यायची आणि कॅलिपर धरून ठेवणारा ब्रॅकेट जाड पोलादी पाटीतून कापून घ्यायचा. कंपनीकडून तयार संच घेण्याच्या तुलनेत खर्च थोडका. काम मात्र थोडके नाही. ते नीट समजून केले तर गाडी अधिक सुरक्षित होते आणि न समजता केले तर मूळच्या ड्रमपेक्षा धोकादायक. हा फरक कशामुळे पडतो, हे पाहण्यासाठी आपल्याला ब्रेकच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

चामडे, कापूस आणि तांबे

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ यांनी आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन जर्मनीतील मानहाइम ते फोर्त्सहाइम असा सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून केला. मोटारीने केलेला हा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. उतारावर गाडीचे लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका चांभाराकडून लाकडी ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराची, म्हणजे आज आपण ज्याला लायनर म्हणतो त्याची, ही सुरुवात.

पुढे १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी घर्षणाचे साहित्य तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. तोच नंतर ‘फेरोडो’ या नावाने प्रसिद्ध झाला. आरंभीचे अस्तर कापसाचे होते. कापूस तापल्यावर करपतो, म्हणून त्याची जागा अॅस्बेस्टॉसने घेतली. अॅस्बेस्टॉस उष्णता सोसते, पण त्याची धूळ फुप्फुसात गेल्यास कर्करोग होऊ शकतो, हे पुढे सिद्ध झाले. म्हणून जुन्या गाडीचा ड्रम उघडताना आतली धूळ फुंकरीने किंवा हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

१९०२ हे वर्ष ब्रेकच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेकला आजच्या ओळखीचे रूप दिले आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. दोन्ही कल्पना एकाच वयाच्या आहेत. पण ड्रमने पन्नास वर्षे राज्य केले आणि डिस्क मागे पडली. लँचेस्टर यांच्या डिस्कला चिमटीत धरणारे तुकडे तांब्याचे होते. धातूवर धातू घासून ते कर्कश आवाज करीत आणि भराभर झिजत. कल्पना बरोबर होती, पण तिला साजेसे साहित्य तेव्हा उपलब्ध नव्हते.

दाराखालची पाचर

ड्रम ब्रेकची रचना आठवून पाहू. चाकाबरोबर फिरणारे बिडाचे एक भांडे असते, तो ड्रम. त्याच्या आत अर्धवर्तुळाकार दोन शू असतात. पेडल दाबले की ते बाहेरच्या बाजूला फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. या रचनेत एक गंमत आहे. उघड्या दाराखाली आपण लाकडी पाचर सारतो. वाऱ्याने दार त्या बाजूला ढकलले की पाचर आणखी घट्ट बसते. तिला घट्ट करण्याचे काम दारच करते. ड्रममधल्या एका शूचे असेच होते. फिरणारा ड्रम त्याला ओढत नेतो आणि स्वतःवरच अधिक दाबून घेतो. चालकाच्या पायाला चाकाची मदत मिळते. पायाचा जोर एवढाच ज्यांचा आधार होता, त्या काळच्या गाड्यांना ही मदत फारच मोलाची होती.

१९२०च्या दशकात द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक मोटारींत येऊ लागले. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ मध्ये चारही चाकांना असे ब्रेक दिले. त्यामागचे तत्त्व पास्कलचे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो. एका पेडलने चारही चाके सारख्या दाबाने आवळता येऊ लागली.

मग डिस्कची गरज का पडली? याचे उत्तर उष्णतेत आहे.

घाटात किती उष्णता?

थोडे गणित करू. माणसांसकट ११०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात आहे. तिची गतिज ऊर्जा ५५ किलोज्यूल. वेग दुप्पट, ताशी ७२ किलोमीटर केला तर ऊर्जा दुप्पट न होता चौपट होते, म्हणजे २२० किलोज्यूल. ही सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने उतरते. समजा, चारही ड्रमचे मिळून वजन २४ किलोग्रॅम आहे. बिडाचा विशिष्ट उष्मा दर किलोग्रॅमला, दर अंशाला सुमारे ०.४६ किलोज्यूल. म्हणजे ड्रमचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ११ किलोज्यूल उष्णता लागते. एकदा थांबल्याने तापमान २० अंशांनी वाढेल. काळजीचे कारण नाही.

आता हीच गाडी घेऊन खंडाळ्याहून खोपोलीला उतरू. उंचीतला फरक सुमारे ५०० मीटर धरू. मग गाडीची स्थितिज ऊर्जा ११०० × ९.८ × ५००, म्हणजे जवळजवळ ५,४०० किलोज्यूलने कमी होते. चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकून केवळ ब्रेकवर उतरवली आणि हवेने काहीच उष्णता नेली नाही असे मानले, तर ड्रम ४९० अंशांनी तापतील! प्रत्यक्षात हवा बरीच उष्णता नेते आणि हुशार चालक गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनकडून ब्रेकचे काम करून घेतो. घाटातल्या ‘गाडी न्यूट्रलमध्ये चालवू नका’ या सूचनेचा अर्थ या आकड्यात आहे.

याच घाटातून १८६३ साली रेल्वे वर चढली. ३७ फुटांत एक फूट असा तीव्र चढ तिला मिळाला. ताबा सुटलेली गाडी वाचवण्यासाठी तेथे मुख्य मार्गापासून फुटणारे, पुढे चढत जाणारे रुळांचे फाटे केलेले आहेत. सुटलेली गाडी त्या फाट्यावर वळवली की ती चढ चढत चढत थांबते. म्हणजे गतिज ऊर्जेची पुन्हा स्थितिज ऊर्जा होते. या ब्रेकमध्ये काहीच तापावे लागत नाही. मोटारीजवळ मात्र अशी सोय नसते. तिला उष्णताच पचवावी लागते.

ड्रमला ती नीट पचत नाही. घर्षणाचा पृष्ठभाग आतल्या बाजूला असल्यामुळे वारा त्याच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावतो. २५० मिलिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम ३०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे ०.८ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे घासायचा पृष्ठभाग शूपासून दूर पळतो आणि पेडल अधिक खाली जाते. तापलेल्या लायनरचे घर्षणही कमी होते. घर्षण घटले की पाचरीची मदतही घटते, त्यामुळे ड्रमची ताकद एकदम कोसळते. यालाच मेकॅनिक ‘ब्रेक गरम होऊन लागेनासे झाले’ असे म्हणतात.

डिस्कचे उलट आहे. ती उघड्यावर फिरते, वारा तिला दोन्ही बाजूंनी लागतो. ती तापली तर तिची जाडी वाढते, म्हणजे ती पॅडच्या दिशेनेच सरकते. १० मिलिमीटर जाडीची डिस्क ३०० अंशांनी तापली तरी जाडीतली वाढ ०.०३ मिलिमीटरच असते. पेडलवर तिचा परिणाम जाणवत नाही.

ही गोष्ट जगासमोर ठळकपणे आली ती शर्यतीच्या मैदानावर. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत डनलॉप कंपनीचे डिस्क ब्रेक लावलेली जग्वार गाडी पहिली आली. प्रतिस्पर्धी वळणाच्या बरेच अलीकडे वेग कमी करू लागत आणि जग्वारचे चालक त्यानंतर ब्रेक लावीत. तासामागून तास गेले तरी त्यांचे ब्रेक मंदावले नाहीत. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने आपल्या डीएस या गाडीला पुढे डिस्क ब्रेक दिले आणि हे तंत्र शर्यतीतून सामान्यांच्या गाडीत आले.

पद्मिनी मागे का राहिली?

आता आपल्याकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला फियाटच्या गाड्या बनवल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. तीच गाडी पुढे नाव बदलून प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. २००० सालच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती त्यानंतरही धावत राहिली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या सेवेतूनही गेली.

या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. १९६४ साली त्यात गैर काहीच नव्हते. पण दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, इटलीतील त्याच फियाटने १२४ ही गाडी आणली आणि तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. तुरीनमध्ये जे बदलले ते कुर्ल्यात तीस वर्षे बदलले नाही.

याचा दोष एखाद्या अभियंत्याला देणे योग्य होणार नाही. त्या काळात कोणी किती मोटारी बनवायच्या हे परवान्याने ठरत असे. गाडीसाठी ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. जी गाडी बनण्यापूर्वीच विकली गेलेली आहे तिच्यात सुधारणा करण्याची घाई कोणाला असणार? परकीय चलनाची टंचाई असल्याने नवी यंत्रे आणि सुटे भाग आयात करणे कठीण होते. रस्तेही असे की वेग बेताचाच राहावा. मोटारसायकलींमध्येही हेच घडले. यामाहाच्या आरडी ३५० या मोटारसायकलच्या मूळ जपानी नमुन्याला पुढे डिस्क ब्रेक होता. १९८३ मध्ये ती राजदूत ३५० या नावाने भारतात आली तेव्हा त्या जागी ड्रम बसवलेला होता. वेग तोच राहिला, ब्रेक मात्र एक पायरी खाली उतरला. या मोटारसायकलला पुन्हा डिस्क बसवणे हा जुन्या वाहनांच्या शौकिनांचा आवडीचा उद्योग बनला.

म्हणून पद्मिनीला घरी डिस्क बसवणारा माणूस काही नवा शोध लावत नसतो. आपल्या इतिहासात गाळलेले एक पान तो उशिरा जोडत असतो.

स्वस्त काम, पण कशाच्या जोरावर?

हे पान १९७० साली घरी जोडता आले नसते. पिंपरी-चिंचवडच्या इतिहासाकडे पाहिले की त्याचे कारण कळते. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६०च्या सुमारास आकुर्डीत बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो यांचे कारखाने उभे राहिले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. टेल्कोने १९६६ मध्ये पिंपरीत पाय रोवला तो यंत्रे आणि साचे बनवण्याच्या विभागाने. तेथून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. मधल्या वर्षांत शेकडो मुलांना टूलरूमचे शिक्षण मिळाले. मोठ्या कारखान्यांभोवती भोसरी, चिंचवड येथे लहान कारखान्यांचे जाळे विणले गेले. तेथे लेथ, ड्रिलिंग, मिलिंग अशी जॉबवर्कची कामे होऊ लागली. चिंचवडला खुद्द प्रीमियरचाही कारखाना होता. २००९ मध्ये आलेली त्यांची रिओ ही गाडी तेथेच बनत असे.

दुसरा धागा सुट्या भागांचा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढे डिस्क, मागे ड्रम ही जोडी आपल्याकडे रुळली. महाराष्ट्रात कल्याणी ब्रेक्सने जळगावला ब्रेक बनवले. ही कंपनी पुढे बॉश समूहात गेली आणि तिचे काम चाकणलाही सुरू झाले. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली, तिलाही पुढे डिस्क होते. बजाजने चाकणला कारखाना काढला आणि २००१ मध्ये आलेल्या पल्सरने पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक मध्यमवर्गीय तरुणाच्या ओळखीचा केला. ब्रेम्बो या इटालियन कंपनीचे दुचाकींसाठीचे ब्रेकही चाकणमध्ये बनू लागले. २०१९ पासून तर १२५ सी.सी.च्या वरील सर्व नव्या दुचाकींना चाक जखडू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे.

थोडक्यात, जी डिस्क १९६६ मध्ये परदेशातून आणावी लागली असती, ती आज दुकानात हातोहात मिळते. तिला कडी कातून देणारा टर्नर चार गल्ल्यांवर भेटतो. घरच्या कामाचा खर्च कमी दिसतो, कारण त्याचा मोठा भाग या परिसराने पन्नास वर्षांत आधीच भरलेला आहे.

एक भाग बदलला की सगळे बदलते

आता धोक्याकडे वळू. डिस्कला पाचरीची मदत नसते. तिला पॅडने सरळ चिमटीत धरायचे असते, त्यामुळे दाबणारे बल बरेच मोठे लागते. समजा, पायाने ३०० न्यूटन बल दिले. पेडलच्या तरफेने ते पाचपट, म्हणजे १,५०० न्यूटन झाले. मास्टर सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८४ चौरस मिलिमीटर आणि ब्रेक ऑइलमधील दाब दर चौरस मिलिमीटरला ५.३ न्यूटन. ड्रममधल्या २२ मिलिमीटर व्यासाच्या व्हील सिलिंडरवर या दाबाने सुमारे २,००० न्यूटन बल मिळेल. कॅलिपरच्या ४८ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर ते सुमारे ९,६०० न्यूटन होईल. मोठा पिस्टन घेतला की बल वाढते, हे झाले पास्कलच्या नियमाचे देणे.

त्याच नियमाचे घेणेही असते. पिस्टन मोठा म्हणजे तो सरकवायला तेलही अधिक लागते. दोन्ही पुढच्या कॅलिपरचे पिस्टन केवळ एक मिलिमीटर सरकवायचे तर सुमारे ३.६ घन सेंटिमीटर तेल हवे. त्यासाठी मास्टर सिलिंडरचा पिस्टन जवळजवळ १३ मिलिमीटर आणि पेडल त्याच्या पाचपट, सहा सेंटिमीटरांहून अधिक खाली जाईल. मागच्या चाकांना लागणारे तेल वेगळेच. म्हणून पॅड आणि डिस्क यांच्यातील अंतर मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांपेक्षा जास्त चालत नाही. कॅलिपरमधील चौकोनी छेदाची रबरी कडी हे अंतर राखते. दाब आला की ती थोडी पिळवटते आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला तेवढेच मागे ओढते. एवढ्याशा रबरावर सारा हिशेब उभा आहे. डिस्क डगमगत फिरत असेल तर ती पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पेडल खोल जाते. हा डगमग वहीच्या एका कागदाच्या जाडीपेक्षा, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी हवा. लेथवर कडी कातणाऱ्याच्या हाताची परीक्षा येथे होते.

ब्रॅकेटचेही तसेच. वरच्या उदाहरणात घर्षण गुणांक ०.३५ धरला तर दोन्ही पॅड मिळून डिस्कला सुमारे ६,७०० न्यूटन बलाने रोखतात. म्हणजे प्रत्येक जोराच्या ब्रेकला जवळजवळ ७०० किलो वजनाइतका ओढा ब्रॅकेटवर आणि त्याच्या बोल्टवर येतो, तोही हजारो वेळा. घाईत वेल्डिंग केलेली पट्टी पहिल्या दिवशी टिकेल. ती तडकेल तो दिवस सांगून येत नाही.

आणखी एक बाब सहज नजरेआड होते. ड्रमसाठी बनवलेल्या अनेक मास्टर सिलिंडरांत एक लहान झडप असते. पेडल सोडल्यावरही ती नळीत थोडा दाब राखून ठेवते. ड्रममधल्या स्प्रिंगा शूला मागे ओढतात, त्यामुळे त्या दाबाचा तेथे त्रास होत नाही. डिस्कला अशा स्प्रिंगा नसतात. ती झडप डिस्कच्या नळीवर तशीच राहिली तर पॅड कायम घासत राहतात, डिस्क तापते आणि उष्णता तेलापर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते. डॉट-३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश से. असतो, पण पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. तेल उकळले की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. पेडल पोकळ होते आणि ब्रेक नाहीसा होतो. ज्या उष्णतेवर उपाय म्हणून डिस्क आणली, तीच अशी मागच्या दाराने घरात शिरते.

शेवटचा मुद्दा तोलाचा. गाडी ब्रेक लावताना पुढे झुकते. वर धरलेल्या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २.३४ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५५ मीटर उंचीवर असेल, तर गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पट मंदनाने सुमारे १५५ किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. म्हणून पुढे जोरकस ब्रेक हवेत. मागची चाके आधी जखडली तर गाडी गर्रकन फिरते. पुढची जखडली तर ती सरळ जाते, पण स्टिअरिंग ऐकत नाही. कारखान्यात हा तोल मोजून ठरवलेला असतो. पुढे डिस्क बसवल्यावर तो तोल बदलतो आणि नव्याने मोजावा लागतो. हौसेपायी मागेही डिस्क बसवणारे तर हातब्रेकलाही मुकण्याची शक्यता असते, कारण मागच्या ड्रममध्ये हातब्रेक सहज बसतो. आजच्याही अनेक छोट्या गाड्यांत मागे ड्रम का असतात, याचे एक कारण हेच.

करणे आणि तपासणे

पुण्याला १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वाहनांच्या चाचण्या घेते. ब्रेकची चाचणी घेताना गाडी किती अंतरात थांबली एवढेच पाहून भागत नाही. पुन्हा पुन्हा ब्रेक लावून ते तापवायचे आणि तापलेल्या ब्रेकने गाडी किती थांबते हे वेगळे मोजायचे, अशी पद्धत आहे. घरी बसवलेल्या ब्रेकबद्दल बहुतेक वेळा पहिलेच वाक्य ऐकू येते, ‘बसवला आणि झकास लागतो.’ थंड ब्रेक तर ड्रमचाही झकास लागतो! घाटाच्या निम्म्यात काय होईल, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम वाहनात मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करण्यावर मर्यादा घालते. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी करणे हिताचे. काम जाणकाराच्या देखरेखीखाली व्हावे आणि रस्त्यावर नेण्याआधी मोकळ्या जागेत, आधी कमी वेगाने, मग तापलेल्या ब्रेकने त्याची परीक्षा व्हावी.

या पट्ट्यातील शाळांत बसणाऱ्या कितीतरी मुलांचे आईवडील ब्रेकचा एखादा भाग रोज हाताळतात. त्यातली काही मुले उद्या टर्नर, फिटर, अभियंते होतील. हाताने करण्याचे कौशल्य त्यांना परिसराकडून मिळेलच. ‘हे का चालते आणि कधी चालणार नाही?’ असे विचारण्याची सवय लावण्याचे काम मात्र आपल्या वर्गात व्हायला हवे.

त्यासाठी मोटारीची गरज नाही. सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्या, एक ५ मि.लि.ची आणि एक २० मि.लि.ची. सलाइनच्या नळीच्या तुकड्याने त्या जोडा आणि हवा राहू न देता आत रंगीत पाणी भरा. एका मुलाने लहान सिरिंज दाबावी, दुसऱ्याने मोठी अडवून धरावी. कोणाला अधिक जोर लावावा लागतो? कोणता दट्ट्या अधिक सरकतो? याची नोंद झाली की नळीत मुद्दाम हवेचा एक मोठा बुडबुडा सोडा आणि पुन्हा दाबायला सांगा. लहान सिरिंजचा दट्ट्या आत जाईल आणि मोठी जागची फारशी हलणार नाही. घाटात तेल उकळल्यावर चालकाच्या पायाला जे जाणवते ते काय असते, हे मुलांच्या अंगठ्याला तेव्हा कळेल. त्यानंतर पहिला प्रश्न पुन्हा विचारा : गाडी थांबली, मग तिची ऊर्जा कुठे गेली?